ॲक्सिडेंट गाडीला होतो, माणसाला नाही

गेल्या शुक्रवारी आमच्याकडे 'इन्सिडेंट' झाला. आयटीतल्या मंडळींना यापुढचं सांगायला नको. क्लायंटची पेमेंट स्क्रीन अडतीस मिनिटं गरागरा फिरत राहिली, लगेच पी-वन टिकीट उघडलं, कॉलवर बावीस माणसं गोळा झाली, त्यातली अठरा नुसती ऐकायला. स्क्रीन सुरू झाली तरी सुटका नाही. सोमवारी आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा रिपोर्ट, द्यायचा होता. का झालं? ते तसं का झालं? मग ते का? पाच वेळा 'का' विचारायचं. आणि त्यात 'अमक्याने चुकून बटण दाबलं' असं लिहायला सक्त मनाई. मॅनेजर लगेच विचारतो, चुकून दाबता येईल असं बटण तिथे होतंच का?

त्याच आठवड्यात आमच्या ट्रेनच्या ग्रुपमधले काका लोकलमधून पडले.

मी ठाकुर्लीचा. ज्यांना ठाकुर्ली माहीत नाही (असे बरेच आहेत, राग नाही) त्यांच्यासाठी: कल्याण आणि डोंबिवलीच्या मध्ये चिमटीत सापडलेलं स्टेशन. एके काळी चोळे पॉवर हाऊसची ओळख होती, आता 'नाइंटी फीट रोडला फ्लॅट' एवढीच उरली आहे. फास्ट गाडी आमच्याकडे थांबत नाही. स्लो येते ती कल्याणहून भरून येते, आणि तीन-चार मिनिटांत डोंबिवली आली की त्या भरलेल्या गाडीत आणखी एक गाडी भरते. शहाणी माणसं ठाकुर्लीहून उलटी कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. बाकीचे आम्ही दारात. काका पंचावन्नचे, गेली तीस वर्षं दारात.

डोंबिवली सुटल्यावर काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. धक्का लागला, बॅग अडकली की पाय घसरला, कळलं नाही. गाडीने अजून वेग घेतला नव्हता म्हणून वाचले. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आणि खांदा निखळला, एवढ्यावर निभावलं. शनिवारी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तर काकू इन्शुरन्सचा फॉर्म घेऊन बसल्या होत्या. फॉर्मवर रकाना होता, 'ॲक्सिडेंटचा तपशील'. काकांच्या ऑफिसातून आलेल्या मेलमध्ये मात्र 'कालच्या दुर्दैवी इन्सिडेंटबद्दल' असं होतं. काकूंनी विचारलं, "अरे, यातलं काय लिहू? नंतर क्लेम अडकायला नको." मी इंजिनिअर, म्हणजे मला इंग्रजी येणारच अशी त्यांची समजूत.

मी म्हटलं, "काकू, ॲक्सिडेंटच लिहा."

तर पलंगावरून काका म्हणाले, "ॲक्सिडेंट कसला रे बाळा. गाडीला काही झालं का? माझंच चुकलं. उगाच दारात उभा राहिलो."

हे वाक्य मला आठवडाभर टोचतंय. पाय दोन ठिकाणी मोडलेला माणूस म्हणतो की ॲक्सिडेंट झालाच नाही, कारण गाडी धडधाकट आहे. मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलतायत. घरी येऊन कायदा उघडला आणि लक्षात आलं, काका शुद्धीत होते. रेल्वेचा कायदा अक्षरशः तेच म्हणतो.

कुठलंही डॉक्युमेंट हातात आलं की आधी डेफिनिशन्स वाचायच्या ही आमच्या धंद्यातली सवय. रेल्वे ॲक्ट, १९८९. कलम १२४ म्हणजे 'ॲक्सिडेंट'. तो कधी होतो? प्रवासी गाडीची टक्कर झाली, गाडी रुळावरून घसरली, किंवा गाडीला अथवा तिच्या एखाद्या भागाला आणखी काही अपघात झाला, तर. पुन्हा वाचा. गाडीला. माणूस त्या वाक्यात नंतर येतो, मेलेला किंवा जखमी झालेला. आधी गाडीला काहीतरी व्हावं लागतं.

मग गाडी ठणठणीत राहिली आणि माणूसच पडला तर? त्याची सोय १९९४ साली केली, कलम १२४-ए घालून. या प्रकाराचं नाव 'अनटुवर्ड इन्सिडेंट'. आपल्या पेपरात मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी 'कुठलाही अनुचित प्रकार घडला नाही' असं छापून येतं ना, तोच हा अनुचित प्रकार. त्याच्या व्याख्येत काय काय आहे? अतिरेकी कृत्य, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ... आणि प्रवासी गाडीतून प्रवाशाचं 'ॲक्सिडेंटल फॉलिंग'. म्हणजे पडणं ॲक्सिडेंटल, पण तो ॲक्सिडेंट नाही, इन्सिडेंट. आमच्याकडे कुणी अशी व्याख्या लिहिली असती तर रिव्ह्यूमध्ये टेस्टिंगच्या मुलीने सोलून काढलं असतं.

आता गंमत बघा. (गंमत म्हणवत नाही खरं तर.) डिक्शनरीत दोन्ही शब्दांचं मूळ एकच. लॅटिनमधलं 'काडेरे', म्हणजे पडणं. त्याला एक उपसर्ग लावला की ॲक्सिडेंट, दुसरा लावला की इन्सिडेंट. दोन्ही शब्दांच्या पोटात पडणारंच कुणीतरी आहे. पुढे वापरात वाटा वेगळ्या झाल्या. ॲक्सिडेंट म्हटलं की इजा आली, नुकसान आलं, ते कुणी मुद्दाम केलं नाही हेही आलं. इन्सिडेंट म्हणजे नुसतं 'काहीतरी घडलं'. भांडण झालं, इन्सिडेंट. सर्व्हर पडला, इन्सिडेंट. त्या शब्दाला रक्त लागलेलं नसतं. म्हणून तर कंपन्यांना आणि प्रवक्त्यांना तो इतका आवडतो.

तुम्ही म्हणाल, शनिवारी सकाळी उठून शब्दांचा कीस कशाला काढतोस? पैसे मिळतात ना? हो, मिळतात, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १२४-ए हे कलम वाईट नाही, उलट ते यायला फार उशीर झाला. त्यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. नुकसानभरपाईची रक्कमही दोन्हीकडे सारखीच: मृत्यू झाला तर आधी चार लाख होते, १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख. नियमांचं नावही जोडून आहे, ॲक्सिडेंट्स आणि अनटुवर्ड इन्सिडेंट्स. त्यामुळे माझं भांडण पैशाबद्दल नाहीच. पैसे सोडून बाकी जे बदलतं, त्याबद्दल आहे.

पहिला फरक चौकशीचा. प्रवासी गाडीला अपघात झाला आणि त्यात माणूस दगावला, तर त्याच कायद्याच्या ११४व्या कलमाखाली रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. कारण उघड आहे, स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासायची नसते. पण गाडीतून माणूस पडला तर? रेल्वे पोलीस येतात, पंचनामा होतो, माणूस गेला असेल तर एडीआर नोंदवतात. एडीआर म्हणजे काय? 'ॲक्सिडेंटल डेथ रिपोर्ट'! म्हणजे पोलिसांच्या वहीत तो ॲक्सिडेंट आहे, पण रेल्वे कायद्यात नाही. मग ते टिकीट क्लोज. का पडला, तिथेच का पडला, काल त्याच खांबाजवळ दुसरा का पडला होता, हे विचारायला कायद्याने कुणीही स्वतंत्र माणूस येत नाही.

दुसरा फरक संशयाचा. १२४मध्ये, म्हणजे गाडी घसरली तर, प्रवाशाला कुणी विचारत नाही की बाबा तू कुठे उभा होतास. १२४-एमध्ये मात्र पाच अपवाद लावलेत: आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली गोष्ट, आणि आजारपण. एकेक वाचलं तर पटतं. पण माणूस गेल्यावर घरच्यांना क्लेम्स ट्रिब्युनलसमोर उभं राहून काय काय ऐकावं लागत असेल याचा विचार करा. दारात उभं राहणं म्हणजे गुन्हेगारी कृत्य नव्हे, नुसता निष्काळजीपणा, एवढी साधी गोष्ट सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०१०चा जमिला खटला लागला. चढताना पडणं हेही पडणंच, हे २००८च्या प्रभाकरन खटल्यात सांगावं लागलं. निष्काळजीपणा म्हणजे 'स्वतःहून करून घेतलेली इजा' नाही, आणि प्रेताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं होत नाही, हे २०१८च्या रिना देवी खटल्यात. आपल्या सगळ्यांचे पास आता मोबाइलमध्ये असतात. पडताना मोबाइल जागेवर राहतो का?

तिसरा फरक मोजणीचा, आणि हा मला सगळ्यात जास्त झोंबतो. रेल्वेच्या आकडेवारीप्रमाणे देशातले मोठे रेल्वे अपघात २०१४-१५ मध्ये १३५ होते, ते २०२४-२५ मध्ये ३१ वर आले. ही चांगली बातमी आहे आणि त्याचं श्रेय ट्रॅकमन, सिग्नलवाले, ड्रायव्हर सगळ्यांना आहे. पण अख्ख्या देशात वर्षाला ३१, आणि आपल्या मुंबईच्या लोकलमार्गांवर एकट्या २०२३ साली मेलेली माणसं अडीच हजारांवर! हा आकडा मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ साली आला आणि न्यायमूर्तींनी कडक शब्दांत सुनावलं. त्यातले बरेच जण रूळ ओलांडताना गेले, आणि शेकड्यांनी माणसं गाडीतून पडून. यातलं कुणीही त्या ३१च्या आसपास फिरकत नाही. कारण गाडीला काही झालं नव्हतं.

हे मी काही नवीन शोधून काढलेलं नाही. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२च्या अहवालात हेच बोट ठेवलं होतं. रूळ ओलांडताना देशभरात वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात, त्यातली सहा हजारांच्या आसपास मुंबईत, आणि 'रेल्वे अपघात' या व्याख्येत न बसणारे मृत्यू रेल्वे आपले मानत नाही. अणुशास्त्रज्ञ माणूस, तोलून-मापून बोलणारे. त्यांच्या समितीने या प्रकाराला कत्तल म्हटलं. शब्दाचं वजन त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असणार.

आता विमानाचं बघू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 'ॲनेक्स १३'मध्ये हेच दोन शब्द आहेत आणि तिथेही त्यांची काळजीपूर्वक व्याख्या आहे. प्रवासी विमानात पाय ठेवतो तिथपासून सगळे खाली उतरेपर्यंत कुणीही एक माणूस मेला किंवा गंभीर जखमी झाला, की ॲक्सिडेंट. विमानाला ओरखडा नसला तरी ॲक्सिडेंट. हवेच्या धक्क्याने तुम्ही सीटवरून उडालात आणि हाड मोडलं (बोटं आणि नाक सोडून, इतकं बारीक लिहिलंय) तर ॲक्सिडेंट, आणि चौकशी. तिथे इन्सिडेंट म्हणजे ज्यात एवढं नुकसान झालं नाही, पण होऊ शकलं असतं, असं काहीतरी. म्हणजे काका विमानात असते तर दोन ठिकाणी मोडलेल्या पायाला ॲक्सिडेंटचा दर्जा मिळाला असता. आमच्या इन्शुरन्सच्या फॉर्मवरही मिळतो: अचानक, अनपेक्षित, इच्छा नसताना, बाहेरच्या कारणाने झालेली इजा. एकाच पायाला विमानवाले, विमावाले आणि पोलीस ॲक्सिडेंट म्हणतात. नाही म्हणत ते फक्त कलम १२४.

९ जून २०२५ आठवतो ना? मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्या दिवशी चार जण गेले. पेपरांनी 'मुंब्रा रेल्वे दुर्घटना' म्हणून मथळे दिले. पण गाड्यांची टक्कर झाली नव्हती, कुठलीही गाडी घसरली नव्हती. टक्कर झाली ती माणसांची, आणि त्यासाठी कलम १२४मध्ये शब्द नाही. तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादला विमान कोसळलं. त्याचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात जगातल्या कुणालाही वाचता येत होता. दोन्हीकडची दुःखं मी तराजूत घालत नाही. फक्त एवढंच म्हणतोय की एका ठिकाणी शब्द उच्चारला की यंत्रणा आपोआप हलते, आणि दुसऱ्या ठिकाणी ती हलवायला आरडाओरडा करावा लागतो.

आरडाओरडा झाला की हलते, हेही खरं. मुंब्र्यानंतर रेल्वेने बंद दरवाज्यांच्या लोकलची घोषणा केली. २०१४ साली घाटकोपरला प्लॅटफॉर्म आणि गाडी यांच्यातल्या फटीमुळे एका प्रवाशाचे हात गेले, ते प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं आणि मग स्टेशनमागून स्टेशनवर प्लॅटफॉर्मची उंची वाढवली गेली. तोवर त्या फटीत पडणारा प्रत्येक जण 'घाई करणारा' होता. फट बुजवायला घेतली तेव्हा कळलं की दोष फटीचाही होता. म्हणजे आरसीए करता येतो. पाच वेळा 'का' विचारलं तर तिसऱ्या-चौथ्या 'का'ला माणूस संपतो आणि वळण, दरवाजा, गर्दी, गाड्यांची संख्या सुरू होते.

काही मित्र उलटं सांगतील. विलायतेत ॲक्सिडेंट शब्दच नको म्हणून चळवळ आहे, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००१ सालीच तो शब्द टाळायचं ठरवलं, कारण ॲक्सिडेंट म्हटलं की 'नशीब, दुसरं काय' असा सूर लागतो आणि टाळता येण्यासारखी गोष्टही अटळ वाटते. मुद्दा बिनतोड आहे. पण ते लोक ॲक्सिडेंटच्या पुढच्या स्टेशनवर उतरायचं म्हणतायत. आम्ही अजून ॲक्सिडेंटपर्यंत पोचलोच नाही, आमची गाडी इन्सिडेंटवरच सिग्नलला उभी आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. रोज सात-सात मृत्यू, आयुक्त किती चौकश्या करणार? एकेकाची नका करू. आमच्याकडेही रोज शेकडो छोटे इन्सिडेंट येतात, प्रत्येकाचा आरसीए होत नाही. पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली की त्या सगळ्यांना एकत्र बांधून त्याचं 'प्रॉब्लेम टिकीट' काढावं लागतं, आणि मूळ कारण सापडेपर्यंत ते बंद होत नाही. कुठल्या किलोमीटरला, कुठल्या खांबाजवळ माणूस सापडला, हे पंचनाम्यात लिहिलेलं असतंच. डेटा आहे. कोपर ते मुंब्रा या पट्ट्यातल्या पडझडीचा दरवर्षी एक जाहीर, स्वतंत्र अहवाल निघायला काय हरकत आहे? आणि वर्षाच्या शेवटी रेल्वेच्या अपघातांच्या तक्त्यात गाडीतून पडलेल्यांचा एक रकाना असायला? त्यासाठी व्याख्येत एक ओळ लागेल: गाडीला किंवा गाडीतल्या माणसाला.

आणि दारात उभे राहणारे आम्ही? आमची चूक नाही असं मी म्हणत नाही. कलम १५६मध्ये फूटबोर्डवरच्या प्रवासाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, माहीत आहे मला. पण डोंबिवलीला सकाळी आठला गाडीत शिरून दाखवा आणि मग सांगा की दार हा पर्याय होता की उरलेली जागा. चुकून दाबता येईल असं बटण तिथे होतंच का, हा प्रश्न फक्त क्लायंटच्या पेमेंट स्क्रीनपुरता का?

काल पुन्हा हॉस्पिटलात गेलो. काकूंचा फॉर्म भरून झाला होता, 'ॲक्सिडेंट' नीट ठळक अक्षरात. काकांना म्हटलं, "काका, पोलिसांच्या भाषेत, विम्याच्या भाषेत हा ॲक्सिडेंटच आहे. आता परत 'माझंच चुकलं' म्हणायचं नाही." काका हसले. म्हणाले, "बरं बाबा, ॲक्सिडेंट. पण मग चूक कुणाची?"

मी म्हटलं, "तेच तर कुणी विचारत नाहीये."

असो. उद्या रविवार, मेगाब्लॉक. परवा सकाळी ७:५२ची स्लो. दारात गर्दी असेल. बॅग पुढे घ्या, आणि जमलं तर एक गाडी सोडा.